माझा पोट्टा रग्बी खेळतो

मी मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. आम्ही चार बहिणी, मी तिसरी, आणि चारही जणी शिकलो, कारण वडिलांचं एकच म्हणणं होतं की पोरींनो, घरात भाजी नसली तरी चालेल, पुस्तक पाहिजे. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं. मग लग्न झालं, आणि आमचे हे तेव्हा सिंगापूरला होते, तुआसला जहाजांच्या यार्डात, वेल्डिंग बरोबर झालं की नाही ते तपासायचं काम, तर मी पण इकडे आली. पहिलं वर्ष घरात बसून भिंती पाहिल्या आणि मग तुआसलाच एका पेंटच्या कारखान्यात लॅबमध्ये लागली, रंग जुळवायला, ते अजून करून राहिली. तुम्ही म्हणाल हे सगळं कायला सांगून राहिल्या बाई, मी तर तुमच्या मुलाबद्दल विचारायला आली. पण तुम्हाला आधी हे कळलं पाहिजे न, की आमच्या दोन्ही घरांत खेळ नावाची गोष्टच नव्हती. माहेरी नाही, सासरी नाही. खेळ म्हणजे परीक्षा संपल्यावर कॅरम, तो पण दुपारचा.

तर अशा घरात हा जन्मला. इथंच जन्मला, आणि बुकित पंजांगच्या याच फ्लॅटमध्ये वाढला. नाव आम्ही सुमेध ठेवलं. सुमेध म्हणजे चांगल्या बुद्धीचा. आता काय सांगू तुम्हाला, शाळेत कोणाला ते नाव घेता येईना, चिनी पोरं, मलय पोरं, त्यांनी केलं सुम, सुमचं केलं सुमो, आणि हा झाला पण तसाच, बारा वर्षांचा होईपर्यंत माझ्या खांद्याच्या वर गेला आणि आडवा तर विचारू नका. मी चांगल्या बुद्धीचा म्हणून ठेवलं आणि जगानं पैलवान केला. अजूनही त्याच्या क्लबमध्ये सुमोच म्हणतात. मी एकदा फोनवर म्हटलं, हॅलो, सुमेध आहे का, तर तिकडून म्हणतात राँग नंबर.

इथं शाळेत सीसीए म्हणून असतं, अभ्यासाव्यतिरिक्त काहीतरी एक घ्यावंच लागतं. मी त्याला सांगितलं होतं रोबोटिक्स घे. शाळेत गेला रोबोटिक्स सांगायला आणि आला रग्बी घेऊन. का तर म्हणे तिथले सर, मिस्टर ओंग, त्यांनी ह्याला दारातून आत येताना पाहिलं आणि म्हटलं, यू, कम हिअर. बस. एवढ्यावर माझ्या पोट्ट्याचं आयुष्य ठरलं. मी यांना म्हटलं, तुम्ही शाळेत जाऊन बोला, तर हे म्हणाले, जाऊ दे न, पळेल थोडा, वजन कमी होईल. वजन कमी होईल! दिवसाला आठ अंडी खायला लागला तो, आणि मी ऑफिसातून येऊन गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, वरण लावायची तर रात्री ते गंज घासायलाच राहायचं.

रग्बी म्हणजे काय ते मला तीन वर्षं कळलंच नाही. बॉल लांबट, तो पुढं फेकायचा नाही म्हणतात, मागंच फेकायचा, पण जायचं मात्र पुढं. मी म्हटलं हे काय उलटं. आणि ते स्क्रम म्हणून एक असतं, दोन्हीकडचे आठ-आठ धटिंगण वाकतात, एकमेकांच्या खांद्यात डोकी खुपसतात आणि ढकलतात. माझा कुठं? सगळ्यात पुढच्या रांगेत. त्याला प्रॉप म्हणतात. प्रॉप म्हणजे टेकू. पडक्या भिंतीला लावतात न लाकूड, ते. मी एमएस्सी, बाप इंजिनिअर, पोरगा टेकू. आणि त्या डोकं घासण्यानं कान सुजतात, वळतात, फुलकोबीसारखे होतात, तसे दोन्ही कान झाले सतराव्या वर्षी. मी डॉक्टरला दाखवलं, तर तो डॉक्टर पण कधीकाळी खेळलेला निघाला, म्हणतो, व्हेरी नाइस. नाइस! आमच्या नणंदबाई व्हिडिओ कॉलवर पाहून म्हणाल्या, वहिनी, ह्याला मुलगी कोण देईल. मी म्हटलं, कानाला थोडीच द्यायची आहे, पण मनात मला पण तेच येऊन राहिलं होतं.

आपल्या लोकांत सांगायची तर पंचाईतच. गणपतीला, जयंतीच्या कार्यक्रमाला जमलं की सगळ्यांच्या पोरांचं विचारणं चालतं, कोणाचा डॉक्टरीला, कोणाचा रॅफल्स प्लेसला बँकेत. तुमचा? रग्बी खेळतो. मग एक जण विचारणार, म्हणजे ते घोड्यावर बसून? ते पोलो, हो बाई. दुसरे म्हणणार, क्रिकेट का नाही? जसं काही मी भाजीवालीला वांगी मागितली आणि तिनं दोडका दिला. आधी समजावून सांगायची, मग मी नुसतं स्पोर्ट्स म्हणायला लागली आणि समोसा तोंडात घालायची.

बरं, अभ्यासात वाईट होता असं पण नाही, नाहीतर सोपं झालं असतं. पॉलिटेक्निकला मेकॅनिकल केलं, चांगल्या मार्कांनी केलं. आणि शेवटच्या वर्षी इथं एक स्पर्धा झाली, त्यात बाहेरच्या देशांचे क्लब आले होते, त्यातल्या श्रीलंकेच्या एका क्लबच्या कोचनं ह्याला पाहिलं आणि म्हणाला, आमच्याकडे ये, कोलंबोला, पगारी खेळाडू म्हणून. पगारी. म्हणजे नोकरीच ती, फक्त ऑफिसच्या ठिकाणी चिखल. घरी आला तो उड्या मारतच आला, आई, दे वाँट मी, दे रिअली वाँट मी. आणि यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, आधी नॅशनल सर्व्हिस.

ते तर होतंच. आम्ही पर्मनंट रेसिडेंट, आमच्या मुलांना इथं दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस करावी लागते. नागपूरचे लोक फोन करकरून सल्ले देऊन राहिले होते, पीआर सोडून द्या, परत या, कायला पोराला बंदूक उचलायला लावता. सुमेधच म्हणाला, आई, माझे सगळे फ्रेंड्स करतात, मी कसा पळून जाऊ? मी इथंच मोठा झालो ना. केलं त्यानं, पूर्ण केलं. केस गेले, वजन गेलं, उन्हानं काळा ठिक्कर झाला, सुट्टीला घरी यायचा तो बूट काढायच्या आधी रग्बीची बॅग घ्यायचा. मला वाटलं, दोन वर्षांत तो क्लब ह्याला विसरेल आणि हा क्लबला. आणि खरंच, क्लब विसरला होता. ह्यानंच सुटल्यावर फोन लावला, की मी तो सिंगापूरचा प्रॉप, आठवतो का? तिकडून म्हणाले, एक महिना येऊन दाखव, मग बघू.

आणि त्याच वेळी युनिव्हर्सिटीत सीट मिळालेली. इंजिनिअरिंगची. लोक रडतात हो त्या सीटसाठी.

त्या दिवशी आमच्याकडे जेवताना जे झालं ते मी सांगत नाही पूर्ण. हे म्हणाले, तू चाळीस वर्षांचा झाला की काय करशील, डोकं घालून काय ढकलशील? तो म्हणाला, बाबा, सीट एक वर्ष थांबवता येते, मी विचारून आलो. हे म्हणाले, म्हणजे तू आधीच ठरवून बसला आणि आम्हाला सांगायला आला. तो म्हणाला, यू नेव्हर केम. एक पण मॅच बघायला नाही आले तुम्ही दोघं. मग हे ताट तसंच ठेवून उठले, तो पण उठला, आणि मी एकटी दोन ताटांच्या मधे. कोणाचं खरकटं काढू? मी जोरात ओरडली, की आता दोघंही बसा आणि भात संपवा, मी तुमच्यासाठी उभी राहून केला आहे. बसले दोघं. संपवला. पण एकमेकांशी बोलले नाही, तो विमानात बसेपर्यंत नाही.

तिकडे महिना झाला, ठेवून घेतलं त्याला. मला वाटलं आता खेळेल. तर काय, बाकावर. मी शनिवारी फोन करायची, जेवला का? हो. खेळला का? नो, बेंच. पुढच्या शनिवारी, खेळला का? शेवटची पाच मिनिटं. अहो, मी म्हटलं, युनिव्हर्सिटीची सीट सोडून तू समुद्र ओलांडून बाकावर बसायला गेला का? बाक तर इथं खाली ब्लॉकमध्ये पण आहेत. तो हसायचा, इथल्या पोरांसारखा वाक्याला ला लावायचा, आई, रिलॅक्स ला, फ्रंट रोवाल्यांना टाइम लागतो, अंगात ताकद मुरावी लागते. मुरावी लागते म्हणे, लोणचं आहे का?

मग त्यांचा एक मोठा प्रॉप आजारी पडला आणि ह्याला पहिल्या मिनिटापासून घेतलं. सलग खेळला, चांगला खेळला असं त्यांचे कोच मला नंतर म्हणाले. आणि सीझन भरात असताना उजवा खांदा निखळला. कोणाच्या तरी अंगाखाली हात अडकला आणि उरलेले सगळे वरून पडले. आम्हाला फोन त्याच्या मित्राचा आला. हे तेव्हा यार्डात होते, मी लॅबमध्ये, मी यांना फोनवर सांगितलं. नंतर कळलं की ते ऐकून हे तिथंच एका पाइपावर बसले होते.

इथं आणला त्याला, इथंच ऑपरेशन केलं. आणि मी तुम्हाला खरं सांगते, तो हात गळ्यात बांधून एअरपोर्टच्या दारातून आला तेव्हा मला रडू पण आलं आणि बरं पण वाटलं. मी म्हटलं, झालं, फिटली हौस, आता कॉलेजला जाईल. यांनी तर रजाच टाकली. रोज त्याला घेऊन एलआरटीच्या छोट्या ट्रेननं फिजिओकडे जायचे आणि यायचे. बोलायचे नाही फार, पण तो दरवाजातून आत शिरताना त्याच्या खांद्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून हे आडवे हात करून उभे राहायचे. साठीला आलेला बारीक माणूस, ह्या रेड्याला वाचवून राहिला. लोक बघायचे.

असे काही महिने गेले आणि कोलंबोहून फोन सुरू झाले. त्यांची टीम मोठ्या सामन्यापर्यंत पोचली होती, त्या सीझनचा सगळ्यात मोठा, आणि त्यांच्याकडे प्रॉप नव्हता. कसा आहे खांदा? हा म्हणे, फाइन. येतो का? येतो. पुढच्या वर्षीचा करार पण त्यावरच अडकला होता, खेळला तर पक्का. फिजिओबाई म्हणत होती अजून थांब, पण निर्णय तुझा. हा म्हणे, मला काही होत नाही, आय ॲम गुड टू गो. पठ्ठ्यानं तिकीट काढलं.

मला शंका होती. आई आहे मी, मला दिसतं न. टी-शर्ट घालताना दार लावून घ्यायचा. तर एका सकाळी मी पोळ्या करत होती, तो समोर उभा, मी म्हटलं, सुमेध, तो वरच्या फडताळातला कणकेचा डबा काढून दे रे, माझे हात भरले. तर त्यानं डावा हात वर केला. मी म्हटलं, डाव्यानं नको, सांडेल, उजव्यानं काढ. तो म्हणाला, सेम थिंग, आई. मी म्हटलं, मग काढ की उजव्यानं. त्यानं हात उचलला. खांद्यापर्यंत आला, आणि तिथून वर जाईना. चेहरा पांढरा पडला त्याचा. डबा तसाच वर राहिला, पोळ्या होत्या तेवढ्यातच भागवलं.

मग तो खाली गेला आणि मी त्याच्या कोचला फोन केला. नंबर होता माझ्याकडे, ऑपरेशनच्या वेळचा. मी म्हटलं, सर, मी सुमेधची आई, सुमेध म्हणजे सुमो, तुमचा सुमो. माझ्या मुलाचा हात डोक्यापर्यंत जात नाही. घरातला कणकेचा डबा त्याला खाली काढता येत नाही, तो तुमचा शंभर किलोचा माणूस काय उचलणार? त्यानं तुम्हाला फाइन सांगितलं ते खोटं आहे. मग तो माणूस म्हणाला, थँक यू, ममी. तिकडे सगळेच मला ममी म्हणतात. म्हणाला, आम्ही त्याला खेळवणारच होतो.

सुमेध वर आला तोपर्यंत त्याला फोन गेला होता. काय सांगू तुम्हाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो इतकंच म्हणाला, दॅट वॉज माय जॉब, आई. तू तुझ्या लॅबमध्ये काम करते, मी येऊन तुझ्या बॉसला फोन करतो का? आणि खोलीत गेला. ते जे बोलणं बंद झालं ते झालं. जेवायला यायचा, ताट धुवायचा, थँक यू म्हणायचा. घरात आपल्याच पोटच्या पोरानं थँक यू म्हणावं यासारखी शिक्षा नाही. तो सामना त्याची टीम हरली. करार आला नाही. यांनी पण मला म्हटलं, मला तरी विचारायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही हो म्हटलं असतं का? तर म्हणाले, माहीत नाही. बघा, म्हणजे इतकी वर्षं विरोध कोणाचा होता आणि ऐन वेळी वाईट कोण झालं, तर मी.

तो खेळला असता तर काय झालं असतं? कोणालाच माहीत नाही. कदाचित खांदा कायमचा गेला असता, कदाचित काहीच झालं नसतं आणि सामना जिंकून आला असता. हे माझ्या डोक्यातून जात नाही. पण तुम्ही मला आज परत त्या किचनमध्ये उभं करा, मी परत फोन करीन. हे पण लिहून घ्या.

पुढं तो जिममध्ये दुसऱ्यांना शिकवायला लागला, स्वतःचा खांदा पण बनवत राहिला, आणि युनिव्हर्सिटीची वेळ आली तेव्हा मला वाटलं जाईल. नाही गेला. परत कोलंबोला विचारलं त्यानं, ते म्हणाले, जागेचं वचन नाही, पण सरावाला ये सगळ्यांसोबत, पहिल्यापासून. म्हणजे परत शून्यापासून. एअरपोर्टवर आम्ही दोघंही गेलो. यांनी त्याची बॅग उचलली, म्हणाले, खांदा सांभाळ. मला वाटलं मला तर नुसताच बाय करेल. तो आत जाता जाता परत फिरला आणि म्हणाला, आई, नेक्स्ट टाइम फोन करायच्या आधी मला सांग. मी म्हटलं, सांगितलं असतं तर करू दिला असता का तू? तो म्हणाला, नो ला. आणि हसला. मग मी तिथं रडली, एवढ्या लोकांत, आणि हे इकडं तिकडं बघून राहिले, जसे काही माझे कोणी नाही.

घेतलं त्याला. टीममध्ये घेतलं. आणि एक दिवस फोन आला, आई, पुढच्या महिन्यात मॅच आहे, तुम्ही दोघं या ना. आपण होऊन बोलावलं त्यानं. तर आम्ही गेलो, आयुष्यात पहिल्यांदा, रग्बी बघायला. सकाळी विहारात जाऊन दिवा लावला आणि दुपारी ग्राउंडवर.

मी तुम्हाला सांगते, टीव्हीवर काही नाही ते. तिथं बसलं की हाडं आपटल्याचा आवाज येतो. यांनी बोटं तोंडात घातली होती. माझ्या शेजारी एक बाई होती, साडीतली, माझ्याच वयाची, आणि स्क्रम लागला की ती डोळे मिटायची. मी पण मिटायची. दोन-तीनदा असं झाल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिला इंग्रजी येईना, मला सिंहली येईना. तिनं समोरच्या टीममधल्या एका जाड्या पोराकडे बोट दाखवलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, मगे पुता. मला कोणी अर्थ सांगायची गरज नाही पडली. माझा पूत. मी माझ्या रेड्याकडे बोट दाखवलं, म्हटलं, माझा पूत. तर बघते काय, तिचा आणि माझा, दोघं एकमेकांच्याच समोर, एकमेकांच्या खांद्यात डोकी खुपसून उभे! तिनं माझा हात धरला. पुढचा सगळा सामना आम्ही दोघी हात धरून, डोळे मिटून बसलो. स्क्रम सुटला की यांनी सांगायचं, उठले दोघं, उघडा डोळे. तिनं थर्मासमधला चहा दिला. कोण जिंकलं ते मला हॉटेलवर गेल्यावर कळलं.

आता त्याचा नवा करार झाला, दोन वर्षांचा. युनिव्हर्सिटीचं विचारलं की बघू म्हणतो. आम्ही दोघं रोज तुआसला जातो, येतो. शनिवार आला की मी रंग चुकवते, साहेब पण आता ओळखतात, म्हणतात, मॅच डे, हाँ? फोन येईपर्यंत जेवण जात नाही. मी थकली हो सांगून सांगून. खेळायचं तर खेळ बापा, तुझ्या मनासारखं खेळ. फक्त संध्याकाळी सगळे जण आपापल्या पायांनी मैदानाच्या बाहेर या. माझा पण, आणि त्या बाईचा पण.